मदत हवी आहे: साहेलचा पाऊस १९५० पासून पाहिला तर घटतोय, १९८१ पासून पाहिला तर वाढतोय

वाळूरेषा:
आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातल्या, म्हणजे साधारण १२ ते १८ अंश उत्तर अक्षांशांमधल्या स्टेशनांचा १९५० ते २०२० चा मासिक पाऊस घेतला आहे. जून ते सप्टेंबरची बेरीज करून त्या वर्षी चालू असलेल्या सगळ्या स्टेशनांची सरासरी काढली. उपग्रह आणि स्टेशनं मिळून बनवलेला चर्प्स डेटाही पाहिला. स्टेशनांचा ट्रेंड खाली जातो, चर्प्सचा वर. एल निनोशी सहसंबंध कमकुवत येतो. अटलांटिकच्या एएमओ निर्देशांकाशी (उत्तर अटलांटिकचं पाणी दशकानुदशकं संथपणे गरम-थंड होतं, त्याचं माप) ११ वर्षांची चल सरासरी घेतल्यावर ०.८ येतो. मग एएमओ हेच कारण धरायचं का? की अल्बेडोवालं (जमीन किती ऊन परावर्तित करते त्यावरचं) जुनं स्पष्टीकरण अजून तग धरून आहे?

पर्जन्यमापी:
कारणाकडे नंतर जा, आधी ती सरासरी दुरुस्त करा. साहेलमध्ये उत्तरेकडे जाताना वार्षिक पाऊस दर किलोमीटरला साधारण १ मिमी कमी होतो. समजा उत्तरेच्या स्टेशनची सरासरी २५० मिमी आणि दक्षिणेच्या स्टेशनची ६०० मिमी. दोन्ही चालू असताना सरासरी ४२५. उत्तरेचं बंद पडलं की एक थेंबही जादा न पडता ती ६०० होते. १९९० नंतर स्टेशनांची संख्या बरीच घटली आहे, त्यामुळे हा धोका खराच आहे. स्टेशनं बदलल्यामुळेच १९७०-८० च्या दशकांतला साहेलचा दुष्काळ 'दिसतो' असा दावा २००४ मध्ये छापून आला होता. त्याच वर्षी त्याला उत्तरही आलं: स्टेशनं नीट जुळवून घेतली तरी दुष्काळ राहतोच. तेव्हा दुष्काळ खरा आहे, पण तुमच्या आलेखातला किती हिस्सा खरा हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

असं करा. प्रत्येक स्टेशनसाठी एकच पायाकाळ ठरवा, उदा. १९५१ ते १९८०. त्यात किमान २५ वर्षांची पूर्ण नोंद नसेल तर ते स्टेशन वगळा. जून-सप्टेंबरमधला एक महिना जरी गाळलेला असेल तरी ते वर्ष रिकामं धरा, शून्य नव्हे. ही गफलत फार होते, कारण काही फायलींत रिकाम्या जागीही ० लिहिलेला असतो. मग त्या स्टेशनची सरासरी वजा करून त्याच्याच प्रमाण विचलनाने भागा आणि त्यानंतरच स्टेशनांची सरासरी घ्या. शेवटी तेच गणित फक्त सबंध काळ चालू राहिलेल्या स्टेशनांवर करून दोन्ही रेषा एकावर एक ठेवा. जिथे त्या फाकतात तिथे स्टेशनांचं जाळं बोलतंय, पाऊस नाही.

ग्रिडचा डेटा, म्हणजे नकाशाच्या चौकटींत भरलेला पाऊस, वापरणार असाल तर जीपीसीसी या जागतिक पाऊस-संचामध्ये प्रत्येक चौकटीत किती स्टेशनं आहेत याची फाईल मिळते, ती आधी उघडा. सीआरयू या दुसऱ्या संचामध्ये ४५० किमीच्या आत स्टेशन नसेल तर चौकटीत दीर्घकालीन सरासरीच भरली जाते. त्यामुळे विरळ भागात वर्षावर्षातला चढउतार खोटाच शांत दिसतो.

वाऱ्याचा माग:
चर्प्सचं कोडं सोपं आहे. तो १९८१ ला सुरू होतो, म्हणजे ऐन दुष्काळात; १९८४ तर त्या शतकातलं सगळ्यात कोरडं वर्ष. तळातून मोजायला लागलात तर रेघ वर जाणारच. १९५० चं दशक तितकंच अपवादात्मक ओलं होतं. दोन्ही टोकांना पाय असलेल्या एका सरळ रेषेने हा पाऊस सांगता येत नाही. ओला काळ, १९६८ पासूनची घसरण आणि १९९० च्या दशकापासूनची अर्धवट सुधारणा असे तुकडे वेगळे पाहा.

०.८ चं म्हणाल तर तो आकडा बाजूला ठेवा. ७१ वर्षांवर ११ वर्षांची चल सरासरी घेतली की हातात जेमतेम ६ स्वतंत्र मूल्यं उरतात. ६ मूल्यांना ९५ टक्के खात्रीसाठी ०.८१ लागतो. दोन संथ लाटा एकमेकींशी जुळायला फारसं काही लागत नाही.

एएमओऐवजी समुद्रांमधला फरक घ्या: उत्तर अटलांटिक (१० ते ४० अंश उत्तर) वजा संपूर्ण उष्णकटिबंधाचा समुद्र (२० द. ते २० उ.), जुलै ते सप्टेंबर. यामागे भौतिकी आहे. उष्णकटिबंधाचे समुद्र तापले की वरची हवा सगळीकडे तापते आणि ढग उंच चढायला जमिनीलगत जास्त बाष्प लागतं. उत्तर अटलांटिकही तितकाच तापला तर ते बाष्प मिळतं, मागे पडला तर नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत तो मागे पडला. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या सल्फेट धुराळ्याने त्याला थंड ठेवलं, हा त्यातला मोठा वाटा मानला जातो. १९८४ ला एल निनो नव्हता, पण गिनीचं आखात गरम होतं आणि पावसाचा पट्टा दक्षिणेतच अडकला. तुमचा एल निनोचा सहसंबंध कमकुवत का, याचं उत्तर यात आहे: एल निनो वर्षावर्षाचा फरक समजावतो, दशकांचा नाही. तो पाहायचा तर मालिकेतून आधी संथ भाग काढून टाका.

अल्बेडोची कल्पना १९७५ ची: चराईने जमीन उघडी पडते, ऊन जास्त परावर्तित होतं, हवा खाली बसते, पाऊस घटतो. २००३ मध्ये एका मॉडेलला फक्त समुद्राचं नोंदलेलं तापमान दिलं आणि १९३० पासूनचे दशकांचे चढउतार बरेचसे उमटले. तेव्हापासून जमीन दुष्काळ वाढवते, सुरू करत नाही, असंच बहुतेक जण धरतात. मलाही ते पटतं.

वाळूरेषा:
वारे तपासायचे असतील तर ईआरए५ (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून बनवलेली जुन्या हवामानाची नोंद) १९५० पासून घेऊ का?

वाऱ्याचा माग:
१९७९ पासून घ्या. त्याआधी तिथली वरच्या हवेची निरीक्षणं फार तुटपुंजी आहेत. ऑगस्टचा पूर्व-पश्चिम वारा ६०० ते ७०० आणि २०० हेक्टोपास्कलला पाहा (हे हवेच्या दाबाचे थर; आकडा लहान तितका थर उंच). ओल्या वर्षी खालचा आफ्रिकन झोत उत्तरेला सरकतो आणि वरचा पूर्वेकडून येणारा झोत जोर धरतो. जमिनीलगत, ९२५ हेक्टोपास्कलला, बाष्पाचा प्रवाहही काढा. फक्त झोत सरकल्यामुळे पाऊस झाला असं लिहू नका. झोताची जागा जमिनीच्या ओलाव्यानेही ठरते, म्हणजे पाऊसही झोताला हलवतो.

पर्जन्यमापी:
दैनिक नोंद मिळाली तर एकूण पावसासोबत पावसाच्या दिवसांची संख्या आणि दर पावसाच्या दिवसाचे मिमी वेगळे काढा. नायजरमध्ये दुष्काळाच्या दशकांत वादळांची संख्या घटली होती, विशेषतः ऑगस्टमध्ये. एका वादळातला पाऊस जवळपास तेवढाच राहिला. सुधारणेच्या काळात चित्र वेगळं आहे: १९८२ पासूनच्या उपग्रह नोंदींत सगळ्यात तीव्र वादळसमूहांची वारंवारता सुमारे तिप्पट झाली आहे. बेरीज परत सरासरीला आली तरी पाऊस तोच परत आला असं होत नाही. आणि एसपीआय (पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त हे सांगणारा निर्देशांक) काढणार असाल तर कोरड्या महिन्यांचा मासिक काढूच नका. शून्यं इतकी असतात की त्यासाठी नोंदींवर बसवायचा गॅमा वक्र बसत नाही. चार महिन्यांचा हंगामी पुरे.