मदत हवी आहे: ग्रासकटर आणि पॉवर विडरला नेमकं कुठलं ऑईल?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळ आमची काजू-आंब्याची बाग आहे. आजवर बाबा बघायचे, यंदापासून मी बघतोय. घरात आता तीन इंजिनं आहेत. एक जुना टू-स्ट्रोक ग्रासकटर, एक ३५ सीसीचा फोर-स्ट्रोक ग्रासकटर आणि नुकताच घेतलेला ७ एचपीचा पेट्रोल पॉवर विडर (तण काढायचं यंत्र). विडर अजून खोक्यातच आहे.

ऑईलवरून मात्र जितकी तोंडं तितकी मतं. दुकानदार म्हणाला, "बाईकचं २०डब्ल्यू-४० मारा सगळ्यात, काय होत नाय." विडरच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय. शेजारचे आबा म्हणतात, आपल्याकडच्या उष्म्याला एवढं पातळ ऑईल चालायचं नाही, साधं ३० नंबर घे. आणि भावकीतला एक पोरगा फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येसुद्धा झाकणभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल) ओततो, का तर इंजिन थंड राहतं म्हणे!

पाऊस ओसरला की गवत कापायला घ्यायचंय. विडर वॉरंटीत आहे, त्यामुळे प्रयोग नकोत. जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

रिकामा_मिस्त्री

आधी एक सांगतो. विडर खोक्यातून काढल्या काढल्या दोरी ओढू नका. नवी इंजिनं बहुतेक वेळा कोरडीच येतात, ऑईल आपण भरायचं असतं.

आता ग्रेड. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑईल थंडीत किती घट्ट राहतं ते सांगतो, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. कोकणात पाणी गोठायची थंडी पडत नाही, त्यामुळे २०डब्ल्यू घातलं तरी दोरी ओढताना हात भरून यायचा नाही. म्हणजे दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाही. आबाही नाहीत, उष्ण हवेला सिंगल ग्रेड ३० चालतं. होंडाच्या जीएक्स या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० सर्वसाधारण वापराला दिलंय आणि उष्ण हवामानासाठी तक्त्यात एसएई ३०, म्हणजे आबांचं ३० नंबर, सुद्धा आहे. पण तुमची मशीन वॉरंटीत आहे ना? मग पुस्तकात असेल तेच, आणि बिल जपून ठेवा.

१०डब्ल्यू-३० शोधत फिरायलाही नको. अ‍ॅक्टिव्हाला जी १०डब्ल्यू-३० एमबी बाटली घालतात ती घ्या. एमबी म्हणजे ओला क्लच नसलेल्या गाडीचं ऑईल. बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्ये भिजलेला असतो म्हणून तिला एमए लागतं, नाहीतर क्लच घसरतो. विडरच्या इंजिनात तसला क्लच नाही, तेव्हा दोन्ही चालतात. बाटलीवर दर्जाची खूण म्हणून एपीआय एसजे किंवा त्याच्या पुढचं अक्षर आहे एवढं बघा.

मला विचाराल तर ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा लेव्हलकडे लक्ष द्या. या इंजिनांत ऑईल पंप नसतो, फिल्टरही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी पळीसारखा एक तुकडा असतो, तो फिरताना तळातलं ऑईल वर उडवतो. लेव्हल उतरली की पळीला ऑईल लागत नाही आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम. म्हणून रोज चालू करण्याआधी मशीन सपाट जागी ठेवा, ऑईल मोजायची काडी पुसा, आटे न आवळता नुसती आत टेकवून बघा. या साईजच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. लिटरचा डबा घेतला म्हणून अख्खा ओतू नका, जास्त झालेलं ऑईल एअर फिल्टरपर्यंत जातं आणि निळा धूर सुरू होतो. उतारावर तासन् तास तिरकं चालवणंही टाळा.

बंदरावरचा

मिस्त्रींना अनुमोदन. जुन्या ग्रासकटरबद्दल माझी भर. टू-स्ट्रोकच्या इंजिनात वेगळं ऑईल भरायचं नसतं, पेट्रोलमध्येच टू-टी मिसळायचं. पुस्तकात १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. झाकणाने अंदाज घेऊ नका, मेडिकलमधून मापाची सिरिंज आणा. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी हा दर्जा असलेलं बघा, धूर आणि काजळी कमी.

आमच्याकडे होडीच्या आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ ऑईल घरात पडलेलं असतं, ते ग्रासकटरला घालायचा मोह होतो. घालू नका. ते पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. ग्रासकटर हवेवर थंड होतो, त्याचा सिलिंडर कितीतरी जास्त तापतो.

सांगलीकर

फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये टू-टी घालून थंड-बिंड काही होत नाही. प्लग काळा होतो आणि वाल्व्हवर काजळी बसते. त्या पोराला सांगा, तेवढ्या पैशात नवीन प्लग येईल.

आणि हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं. टू-टी मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिन्याच्या वर ठेवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर सुकेपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी मिस्त्रीकडे पळायला नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार! म्हणजे विडर आणि छोटा फोर-स्ट्रोक दोन्हींना एकच १०डब्ल्यू-३० चालेल ना? आणि बदलायचं कधी?

रिकामा_मिस्त्री

ग्रेड तोच. पण ३५ सीसीत ऑईल जेमतेम १०० मिली बसतं, म्हणून ते लवकर खराब होतं. होंडाच्या ३५ सीसीला पहिलं १० तासांनी, मग दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. मोठ्या इंजिनाचं पहिलं २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी. पहिल्या ऑईलमध्ये नव्या पार्टची बारीक झीज उतरलेली असते, ते काढायला आळस नको. इंजिन कोमट असताना काढा, सगळं खाली येतं. आणि ते जळकं ऑईल विहिरीच्या बाजूला ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

विडरच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं भरायचं असतं बरं का, पुस्तक बघितल्याशिवाय त्यात इंजिनचं घालायचं नाही. पुस्तकात काय दिलंय?

धागाकर्ता

ते पानच चायनीजमध्ये आहे! गिअरबॉक्सवर एक बोल्ट दिसतोय, त्यावर काही लिहिलेलं नाही. संध्याकाळी फोटो टाकतो.