डेटाबेसचे रीड आणि राइट वेगळे करण्याचा निर्णय लोड बॅलन्सरवर सोपवावा का?

मांजराकाठ, लातूर

आडत दुकानांच्या हिशोबाची एक प्रणाली आम्ही चार जण सांभाळतो. मालाची आवक, काट्यावरचे वजन, हमाली, तोलाई, खरेदीदाराचे खाते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, हे सगळे तिच्यावर चालते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन बाजारात येऊ लागले की दुपारनंतर डेटाबेसवर ताण येतो, म्हणून मागच्या हंगामाआधी आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रायमरीला, म्हणजे जिच्यावर नोंदी लिहिल्या जातात त्या मुख्य सर्व्हरला, दोन रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्याच्या नकला, जोडल्या आणि मध्ये पीजीपूल-टू हे भार वाटून देणारे साधन (लोड बॅलन्सर) बसवले. हे साधन प्रत्येक क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विनंतीचा, मजकूर वाचते, साधी सिलेक्ट (वाचनाची क्वेरी) असेल तर ती रेप्लिकाकडे पाठवते आणि बाकी सारे प्रायमरीकडे नेते. प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नाही, याचा तेव्हा आम्हाला आनंद झाला होता.

हंगामात एका संध्याकाळी एका दुकानात शेतकऱ्याचे ४३ कट्टे उतरले. मापाड्याने शेवटचे सहा कट्टे काट्यावर घेतले, मुनिमाने वजन नोंदवले, नोंद जतन केली आणि लगेच पट्टी छापली. पट्टीवर ३७ कट्टे आले. शेतकऱ्याने बियाण्याच्या पिशवीच्या लेबलामागे पेन्सिलने रेघा ओढून ठेवल्या होत्या, पाच-पाचच्या आठ जुड्या आणि वर तीन. त्या त्याने मुनिमासमोर एकेक करून मोजल्या. थोड्या वेळाने पुन्हा छापलेल्या पट्टीवर ४३ आले, पण तोवर त्या दुकानाच्या हिशोबावरचा त्याचा भरवसा उडाला होता, आणि चूक दुकानाची नव्हती, आमची होती.

कारण शोधले ते असे. पोस्टग्रेसमध्ये रेप्लिकाकडे बदल जातात ते मुळातच असिंक्रोनस, म्हणजे प्रायमरी रेप्लिकासाठी थांबत नाही. त्या वेळी रेप्लिकावर एका खरेदीदाराच्या वर्षभराच्या खातेउताऱ्याची लांबलचक क्वेरी चालू होती आणि प्रायमरीवर व्हॅक्यूम या सफाईच्या कामाने नेमक्या त्याच टेबलातील जुन्या ओळी साफ केल्या होत्या. अशा संघर्षात रेप्लिका चालू क्वेरी लगेच तोडत नाही; मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांपर्यंत ती पुढचे बदल लावणेच थांबवते. आमचे सहा कट्टे त्या रांगेत अडकले होते. रेप्लिका किती मागे आहे हे पीजीपूल ठराविक काळाने तपासू शकते, परंतु दोन तपासण्यांच्या मधली पट्टी कोण वाचवणार?

म्हणून माझे मत असे झाले आहे की, कोणते वाचन ताजे हवे आणि कोणते थोडे शिळे चालेल, हे फक्त अॅप्लिकेशनला ठाऊक असते. पट्टीची सिलेक्ट आणि मासिक अहवालाची सिलेक्ट मजकुराने सारख्याच दिसतात. मधल्या साधनाने एवढेच सांगावे की प्रायमरी कोण आहे आणि जिवंत रेप्लिका कोणत्या आहेत. एचएप्रॉक्सी या कनेक्शने पुढे पाठवणाऱ्या साधनावर दोन पोर्ट (जोडणीची दारे) उघडावेत, प्रायमरी कोण याची नोंद ठेवणाऱ्या पॅट्रोनीला विचारून एक प्रायमरीकडे आणि दुसरा रेप्लिकांकडे न्यावा, आणि कोणत्या पोर्टावर जायचे ते प्रोग्रामने ठरवावे.

गोदाकाठी, नांदेड

मांजराकाठ, आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण सगळ्या सिलेक्ट सरसकट रेप्लिकाकडे सोडल्या, हा नियम चुकीचा होता. नियम मधल्या थरात लिहिला ही चूक नव्हे.

मी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आणि त्याच्यापुढे बसणाऱ्या प्रॉक्सीएसक्यूएल या मधल्या साधनावर काम करतो. ज्या प्रणालीची जबाबदारी माझ्याकडे आहे ती जुन्या पीएचपीत लिहिलेली आहे, तिच्यात हजारो क्वेरी विखुरलेल्या आहेत आणि लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले. अशा कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी दोनपैकी एक कनेक्शन निवडायला सांगणे म्हणजे चालत्या गाडीची चाके बदलायला सांगण्यासारखे आहे. प्रॉक्सीएसक्यूएलच्या मार्गदर्शनातच असे सुचवले आहे की आधी सर्व वाहतूक प्रायमरीकडेच जाऊ द्यावी, कोणत्या सिलेक्ट सर्वांत जास्त वेळ खातात हे त्याच्या आकडेवारीच्या टेबलात पाहावे, आणि त्यांतील ज्यांना थोडे शिळे उत्तर चालते तेवढ्याच निवडून हलवाव्यात. मी तसेच केले. प्रत्येक क्वेरीच्या आकृतिबंधाला स्वतंत्र ओळख मिळते, त्यामुळे आपली पट्टी आणि आपला अहवाल मधल्या थरालाही वेगळे ओळखता येतात. नियम चुकला तर तो तिथल्या तिथे मागे घेता येतो. नवी आवृत्ती बनवून दुकानोदुकानी बसवण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या त्या संध्याकाळी ही सोय असती तर दुसरी चुकीची पट्टी छापली जाण्याआधी दुरुस्ती झाली असती.

शिवाय ताजेपणा डेटाबेसकडूनही मागता येतो. पोस्टग्रेस ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, सिंक्रोनस कमिट या, नोंद पक्की (कमिट) झाल्याचे उत्तर केव्हा द्यायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगला ‘रिमोट अप्लाय’ ही पातळी आहे. रेप्लिकावर बदल लागून दिसू लागल्याशिवाय कमिट पूर्ण झाल्याचे उत्तरच येत नाही. ती लावली असती तर पट्टीवर ४३ कट्टेच आले असते.

दुधना, जालना

मला एक आधीचा प्रश्न विचारायचा आहे. आपल्याला वाचनासाठी रेप्लिका लागतात, हे आपण मोजून ठरवले का? पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडते. दुकानांतील प्रत्येक संगणक आपापले कनेक्शन धरून बसला असेल तर वाचनाचा भार नसतानाही सर्व्हर दमतो, आणि त्यावर पीजीबाउन्सरसारखा पूल, म्हणजे थोडी कनेक्शने सगळ्यांत वाटून देणारे साधन, हा उपाय आहे, रेप्लिका नव्हे. वर्षभराचा खातेउतारा इतका वेळ चालत असेल तर खरेदीदार आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स (शोधसूची) आहे का, तेही पाहावे. आमच्याकडे रेप्लिका आहे, पण ती प्रायमरी पडल्यास उभी राहण्यासाठी. तिच्याकडे वाचन वळवले की तिच्यावरही भार येतो, आणि ज्या दिवशी तिने प्रायमरीची जागा घ्यायची त्या दिवशी दोघींचा भार एकीवर पडतो. हे गणित करून पाहिल्याशिवाय वाटणीचा वाद घालण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

मांजराकाठ, लातूर

दुधना यांचा प्रश्न मला लागला, कारण तसा जोड-इंडेक्स खरोखरच नव्हता. खरेदीदारावर एक आणि तारखेवर एक असे दोन वेगळे होते. कालच तो केला आणि खातेउतारा लगेच येऊ लागला. कनेक्शनचे मोजमाप अजून करायचे आहे.

गोदाकाठी यांच्या ‘रिमोट अप्लाय’बद्दल मात्र मला थांबावे लागते. दोन्ही रेप्लिकांनी बदल लावेपर्यंत थांबायचे ठरवले, तर जी रेप्लिका ३० सेकंद अडकते तिच्यामुळे काट्यावरची नोंदही तेवढीच अडकेल. मागे मालाने भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असताना मापाड्याला ‘थांबा’ म्हणता येत नाही. दोनांपैकी कोणत्याही एकीवर लागले की पुरे असे ठरवले, तर वाचन दुसरीकडे गेल्यास पुन्हा ३७च कट्टे दिसतील. उपाय आहे, पण त्याची किंमत काटा भरतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या मजकुरात राहून गेली. पट्टीचा क्रमांक देणारे आमचे एक फंक्शन आहे. ते सिलेक्टनेच बोलावले जाते, पण आतून सीक्वेन्स (क्रमांकांचा गणक) पुढे सरकवते, म्हणजे ते लिहिते. क्वेरीच्या मजकुरात लेखनाचे एकही चिन्ह नसते. पीजीपूलला अशा फंक्शनांची यादी द्यावी लागते आणि आमच्या यादीत हे एक नाव सुटले होते, त्यामुळे रेप्लिकाने ‘केवळ-वाचन व्यवहारात हे करता येत नाही’ अशी त्रुटी दिली. त्रुटी आली म्हणून ते कळले. शिळ्या उत्तराला त्रुटी येत नाही, आणि मला भीती आहे ती त्याचीच.

ज्या कोडला हात लावता येत नाही त्याच्यासाठी आपली निवडक पद्धत योग्य आहे, हे मी मान्य करतो. आमचा कोड आमच्या हातात आहे.

गोदाकाठी, नांदेड

कोड हातात असला तरी माणसे बदलतात. उद्या आपल्याकडे नवीन मुलगी किंवा मुलगा कामाला लागेल, उचल देण्याआधी खात्यातील शिल्लक तपासण्याची क्वेरी लिहील आणि शेजारच्या अहवालाच्या फाइलमधील कनेक्शन उचलून तिथे वापरेल. ती चूक कोणत्या नियमांच्या यादीत दिसेल? मधल्या थरात सगळे नियम एका पानावर असतात आणि मी ते दर महिन्याला वाचतो.

अॅप्लिकेशनच्या बाजूलाही अंदाजच चालतात. रेल्स या वेब-प्रोग्राम लिहिण्याच्या चौकटीच्या ६.० आवृत्तीत, २०१९ साली, रीड-राइट आपोआप वेगळे करण्याची सोय आली. ती वापरकर्त्याने लिहिल्यानंतर मूळ सेटिंगप्रमाणे दोन सेकंद त्याचे वाचन प्रायमरीवर ठेवते. आपली रेप्लिका ३० सेकंद अडकली होती. मग तुमच्या कोडने काय वाचवले असते?

बिंदुसरा, बीड

मी प्रोग्राम लिहीत नाही. रात्रीची सर्व्हरची पाळी करतो. या चर्चेत प्रायमरी बदलण्याचा प्रसंग कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. एचएप्रॉक्सी टीसीपीच्या, म्हणजे निव्वळ जोडणीच्या, पातळीवर काम करत असताना आत एसक्यूएल (क्वेरीची भाषा) काय आहे ते तिला दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो तिचा गुण आहे, कारण पहाटे तीन वाजता मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: आत्ता प्रायमरी कोण? पॅट्रोनी ते सांगते. मात्र जुनी प्रायमरी बाद ठरल्यावर तिच्यावरची उघडी कनेक्शने तोडण्याची सूचना एचएप्रॉक्सीला वेगळी द्यावी लागते, नाहीतर काही दुकाने जुन्याच मशीनला धरून बसतात. तसेच रेप्लिकांच्या पोर्टावर किती मागे असलेली रेप्लिका चालेल याची मर्यादाही पॅट्रोनीच्या तपासणीत घालता येते. आणि दोन्ही रेप्लिका गेल्यावर अहवाल प्रायमरीकडे वळवायचे की बंद ठेवायचे, हे आधीच ठरवून मला लिहून द्या. तो निर्णय रात्री मी एकट्याने घेऊ नये.

मांजराकाठ, लातूर

बिंदुसरा, अहवाल बंद राहतील. पट्टी चालली पाहिजे. तसे आजच लिहून ठेवतो.

गोदाकाठी, दोन सेकंदांचा आपला आक्षेप बरोबर आहे. वेळेवर आधारलेला कोणताही नियम त्या संध्याकाळी हरला असता. पण अॅप्लिकेशनला घड्याळावर अवलंबून राहण्याची गरज नाही. कमिटनंतर प्रायमरीकडून तिच्या बदलनोंदींतील तेव्हाचे स्थान, म्हणजे एलएसएन, घेता येते. ते मुनिमाच्या सत्राबरोबर ठेवायचे, आणि रेप्लिकावर वाचण्याआधी तिने कुठपर्यंतचे बदल लावले आहेत ते विचारायचे. ती मागे असेल तर प्रायमरीकडे जायचे. आपल्या बाजूला जीटीआयडीने, म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या ओळख-क्रमांकाने, हेच करता येते, आणि प्रॉक्सीएसक्यूएलने २.० पासून ते स्वतःत घेतले आहे, हे मला माहीत आहे. तरीही जतन करणे आणि छापणे या आमच्याकडे दोन वेगळ्या वेब-विनंत्या आहेत, त्या वेगवेगळ्या कनेक्शनवरून जातात, आणि त्या एकाच मुनिमाच्या आहेत हे मधल्या साधनाला कोण सांगणार?

नव्या माणसाच्या चुकीबद्दल आपण म्हणता ते मला पटले. म्हणून रेप्लिकाच्या कनेक्शनला आम्ही स्वतंत्र डेटाबेस युजर देत आहोत आणि त्याला फक्त अहवालाच्या व्ह्यूंवर (टेबलांतून ठरवून दाखवलेल्या भागांवर) वाचनाचा अधिकार ठेवत आहोत. मूळ टेबलांना तो हात लावू शकणार नाही. शिल्लक तपासणारी क्वेरी त्या कनेक्शनवर लिहिली तर पहिल्याच चाचणीत परवानगी नाकारली जाईल.

गोदाकाठी, नांदेड

ही युजरची कल्पना मी माझ्याकडेही घेतो. जीटीआयडीच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. हंगाम सुरू होण्याआधी आपण चाचणी करा: रेप्लिकावर मुद्दाम एक लांब क्वेरी चालू ठेवा, त्याच टेबलातील जुन्या ओळी काढून प्रायमरीवर व्हॅक्यूम चालवा, आणि त्या ३० सेकंदांत पट्टी छापा. मी तीच चाचणी माझ्या नियमांवर, रेप्लिकाला बदल लावणे थांबवायला सांगून करतो. दोघांच्या पट्टीवर किती कट्टे येतात ते इथेच लिहू.