केनियाचं न्यायाधिकरण कोणी पाडलं?

केनियात २००७-०८ मध्ये निवडणुकीनंतर झालेल्या हिंसाचाराचे खटले देशातच चालवायला विशेष न्यायाधिकरण नेमायचं घाटत होतं. खासदारांनी आरोपींना वाचवायलाच ते हाणून पाडलं, असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटतं. १२ फेब्रुवारी २००९ ला त्यासाठीच्या घटनादुरुस्तीच्या बाजूने संसदेत १०१ मतं पडली, विरोधात ९३. पण हवी होती दोन तृतीयांश, म्हणजे १४५. विरोधात मत देणाऱ्यांत आपले नेते अडकतील म्हणून धास्तावलेले होते, तसेच देशातल्या न्यायव्यवस्थेवरचा विश्वास पार उडालेलेही होते. या दुसऱ्यांना खटले हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातच चालायला हवे होते. साधा कायदा कोर्टात टिकला नसता, म्हणून तर घटनेला हात घालायचा होता. आणि विश्वासाचं म्हणाल तर, हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने या न्यायाधिकरणावर परदेशी न्यायाधीशही सुचवले होते.

मला सलतं ते पुढचं. त्या हिंसाचारात अकराशेहून जास्त माणसं मेली आणि हेगला आरोपी म्हणून उभे राहिले फक्त सहा. त्यांतल्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या उहुरू केन्याटांवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले गेले, त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम रुटोंचा खटला एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. शिक्षा एकालाही नाही. देशातलं न्यायाधिकरण या सहा जणांच्या खाली, घरं पेटवणाऱ्या टोळ्यांच्या म्होरक्यांपर्यंत तरी पोचू शकलं असतं.