आईबाप म्हणून आपण कोठे वाकलो? : अनुभव धागा

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पालकसभेत असा विषय निघाला की, मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण त्याच वचनाचा आरंभ, 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका' (इफिसकरांस ६:४), आपण भरभर वाचून पुढे जातो. म्हणून पुण्यातल्या आईबापांना विनंती आहे की त्यांनी येथे आपापला अनुभव लिहावा. अट एकच : मुलांची प्रगती सांगू नये, स्वतःकडे कमीपणा कोठे घ्यावा लागला ते सांगावे. मुलांची नावेही लिहू नयेत. ती मोठी होऊन हे वाचतील.

एक वडील, हडपसर

मुलगा नववीत असताना सहामाहीच्या गणिताच्या पेपरावर त्याने माझी सही स्वतःच ठोकून दिली. सही हुबेहूब होती, आणि मला वाटते राग त्याचाच अधिक आला. धाकट्या बहिणीसमोर मी त्याच्या थोबाडीत मारली आणि 'मला तोंड दाखवू नकोस' असे बोललो. आमच्याकडे रात्री जेवणापूर्वी कुटुंबप्रार्थना होते. ती त्या रात्रीही झाली, कारण ती चुकवायची नाही हा माझाच नियम. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीपाशी मुलाचा आवाज थांबला आणि पुढच्या ओळीला पुन्हा आमच्यात मिसळला. त्याने मला क्षमा केलेली नव्हती आणि केली असे म्हणायची त्याची तयारी नव्हती. खोटी सही करणारा मुलगा देवासमोर खरा वागला, आणि मी मात्र तीच ओळ खणखणीत आवाजात म्हणून मोकळा झालो होतो.

क्षमा मागायला मला तीन दिवस लागले. मनात भाषण तयार होते, प्रत्यक्षात तो गच्चीवर टाकी बघायला गेला तेव्हा मागोमाग गेलो आणि एवढेच म्हणालो, "मारलं ते चुकलं माझं. सहीचं नंतर बोलू." तो म्हणाला, "पप्पा, टाकी भरलीय, मोटर बंद करा." मी खाली येऊन मोटर बंद केली. त्या रात्री ती ओळ त्याने म्हटली, पुटपुटत का होईना. सहीविषयी बोललो तेव्हा कळले की जूनपासून त्याला गणितातले काही उमगत नव्हते, आणि ते मला सांगण्यापेक्षा सही गिरवणे त्याला सोपे वाटले होते.

एक आई, वानवडी

मुलीने सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे बालपणी झालेल्या बाप्तिस्म्यानंतर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, घ्यायला नकार दिला. "बाप्तिस्म्याच्या वेळी मला विचारलं नव्हतंत, निदान या वेळी तरी विचारा," असे तिचे म्हणणे. पाळकसाहेब तिची समजूत घालतील या आशेने मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून माझ्यासमोर ठेवला : बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, तीन दिवस शोधून दमलेली आई त्याला जाब विचारते, आणि त्याने दिलेले उत्तर तिला व योसेफाला समजत नाही. "मरीयेला समजलं नाही, तरी तिने ते अंतःकरणात ठेवलं," एवढे म्हणून त्यांनी विचारले, "तुम्हाला काळजी मुलीची आहे की महिला मंडळाची?" मला उत्तर देता आले नाही. मुलगी अजून दृढीकरणाच्या वर्गाला बसलेली नाही. मी विचारणे सोडले आहे, प्रार्थना सोडलेली नाही.

एक आजोबा, खडकी

सगळे क्षमाच मागत बसले तर मुलांना आवरणार कोण, अशी मला शंका येते. बायबलमधल्या एली याजकाने आपल्या वाईट वागणाऱ्या मुलांना तोंडाने समजावले, पण आवरले नाही, आणि त्याचा दोष त्याच्यावर आला. मीही माझ्या थोरल्याला वेळीच आवरले नाही. त्याला मी सहनशीलता म्हणत असे. खरे तर ड्यूटीवरून आल्यावर भांडण नको असायचे. एवढे मात्र मानतो की त्याच एलीने आपल्या हाताखाली वाढणाऱ्या पोरवयाच्या शमुवेलाच्या तोंडून स्वतःविरुद्धचा निकाल ऐकला आणि 'तो परमेश्वर आहे' म्हणून मान्य केला. ते मला अजून जमत नाही.

एक आई, विश्रांतवाडी

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलांसाठी काढलेल्या आश्रमात, वाढली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यानंतरचा तो काळ. रमाबाईंनी स्वतः वैधव्यात एकुलत्या मनोरमेला वाढवले आणि आपल्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी तिला गमावले, हे आजी आम्हाला घरातली गोष्ट सांगावी तसे सांगे. आजीला आई आठवत नव्हती. आईपण कसे करतात हे पाहायला मिळाले नाही, असे ती म्हणे. तिचा एक रिवाज होता. प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आदल्या शनिवारी रात्री ती घरातल्या प्रत्येकापाशी, अगदी लेकरांपाशीही, जाऊन विचारायची, "माझं काही चुकलंय का?" वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे वचन तिने शब्दशः घेतले होते. पाच वर्षांची माझी आत्या एकदा म्हणाली, "वेणी ओढून घातलीस." आजीने कंदिलापाशी बसून ती सोडली आणि सैल करून पुन्हा घातली.

मी हा रिवाज गेल्या महिन्यात सुरू केला. माझ्या मुलाने विचारले, "लिहून देऊ का?" आणि खरोखरच वहीचे पान फाडून दिले. त्यात सात मुद्दे आहेत. चौथ्यावर आमचा अजून वाद चालू आहे.