मदत हवी आहे: तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्यांना मजुरीवर वरचे पैसे द्यावेत का?

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला होता आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) झिजून जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, पार बसली होती. मिरजेतल्या एका कारागिरांकडे दुरुस्तीला दिलाय. सांधणी, नव्या तारा आणि जवारी मिळून साडेचार हजार ठरलेत. येत्या रविवारी आणायला जायचंय.

प्रश्न वरच्या पैशांचा. तडा सांधलेला निदान डोळ्यांना दिसतो, जवारीचं तसं नाही. घोडी कानशीने जराशी घासायची, तार छेडून ऐकायची, तारेखालचं सूत सरकवायचं, पुन्हा घासायची. हात जरा जास्त पडला की आवाज गेलाच. आई काळी चार या पट्टीत गाते हे कळल्यावर त्यांनी जवारी पुन्हा त्या पट्टीला लावली, आणि मजुरी एका रुपयाने वाढवली नाही.

फोनवर "वर काही देऊ का?" विचारलं तर हसून विषय बदलला. आईच्या गुरुजींचं म्हणणं, अशा माणसाला टीप देणं म्हणजे कलेचा अपमान. मावशी म्हणते, कला असली तरी पोट असतंच. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत! पेढे नेणारच आहे, तेव्हा ते सुचवू नका. हाताखालच्या मुलाला खुशाली वेगळी देईन. कारागिरांसाठी पाचशेपर्यंत जमेल.

मिरजेला वाद्यं देणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरीच हे काम चालतं त्यांनी सांगा: मजुरी म्हणूनच सरळ पाच हजार हातात ठेवावेत, की पाकीट वेगळं दिलेलं बरं दिसतं?