स्क्रीनवरचा रस्ता सोडणारा पिकर आळशी नसतो

ट्रॉलीवाला: ‘पिकर स्क्रीनवरचा रस्ता सोडतात तो निव्वळ आळस’, हे काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. पिकर म्हणजे गोदामात ऑर्डरचा माल गोळा करणारे आम्ही; कुठल्या क्रमाने फिरायचं ते सिस्टीम स्क्रीनवर दाखवते. नऊ वर्षं ट्रॉली ढकलतोय. परवाच्या लिस्टमध्ये उचलायचा पहिला माल काचेचे ग्लास, चौथा डिटर्जंटच्या पाच किलोच्या पिशव्या. अंतर सगळ्यात कमी, मान्य. पण पिशव्या तळाला घालायला गल्लीच्या तोंडाशी अख्खी ट्रॉली उपसून पुन्हा रचावी लागली. तो वेळ कोण मोजतं?

गणिती: ते मीच लिहिलं होतं. दोन्ही टोकांना आडवी वाट असलेल्या गोदामातला सर्वांत छोटा रस्ता रॅटलिफ आणि रोझेन्थाल या संशोधकांनी १९८३ मध्येच काढून दाखवलाय. २००१ मध्ये रूडबर्गेन आणि डी कोस्टर यांनी मधली आडवी वाटही हिशेबात घेतली. तरी लोक नागमोडीच चालतात! वस्तू तोंडाशी आहे, आणि हे अख्खी गल्ली तुडवून पलीकडे निघतात. आत जा, उचला, मागे फिरा.

रात्रपाळी: मागे फिरा? भरलेली ट्रॉली अरुंद गल्लीत वळत नाही हो, उलटी ओढत आणावी लागते. त्यात समोरून दुसरा आला की दोघंही अडकले. नागमोडीत सगळे एकाच दिशेने जातात, म्हणून आमच्याकडे तीच चालते. आणि खरा घोळ रस्त्याचा नाहीच, मांडणीचा आहे. जास्त खपाचा सगळा माल एकाच गल्लीत कोंबलाय, दहाजण तिथेच रांग लावून उभे.

रॅकमास्तर: मांडणीवर ढकलणं सोपं आहे. खपाचा माल पॅकिंगच्या जवळ हवा म्हणून ओरडणारे तुम्हीच ना? चार गल्ल्यांत तोंडाशी वाटून ठेवला, तर ‘फार चालावं लागतं’. सीझन बदलला की जागा बदलायला हव्यात, त्यासाठी मला एक पाळीही मोकळी मिळत नाही. दोन रविवार एकट्याने बिन, म्हणजे मालाचे कप्पे, हलवलेत मी.

रात्रपाळी: हलवलेत, आणि लेबलं जुनीच ठेवलीत! सोमवारी स्कॅनर प्रत्येक बिनला नाही म्हणत होता. शिव्या आम्ही खाल्ल्या.

रॅकमास्तर: लेबल प्रिंटर बंद होता. माहिती नसताना बोलू नका.

गणिती: मांडणीचा वेगळा धागा काढा, इथे प्रश्न रस्त्याचा आहे.

ट्रॉलीवाला: वेगळा कसा? माल कुठे ठेवलाय त्यावरच रस्ता ठरतो. तुमच्या हिशेबात ट्रॉलीला वजन नाही आणि गल्लीत दुसरा माणूस नाही. असे दोन तास चालून बघा, मग आळस म्हणा.

गणिती: ‘आळस’ मागे घेतो, बस? जड माल आधी हा नियम घालता येतो, पण अंतर वाढेल, तेव्हा त्यावरून तक्रार नको. कोंडीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

ट्रॉलीवाला: वाढू दे अंतर, चालायला आमची ना नाही. पण आधी सिस्टीममध्ये वजनं भरा. आमच्याकडे अर्ध्या मालापुढे शून्य लिहिलंय, डिटर्जंटपुढेसुद्धा.