वाड्यातला खून झाडीपट्टीच्या मंचावर कसा उभा करावा?

प्रश्न (पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील, वडसा परिसरातील हौशी मंडळाचा दिग्दर्शक)

येत्या मंडईला (दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेला) अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ मराठीत करावे, असे आमच्या मंडळाच्या मनात आहे. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आलेले हे नाटक, कोरोनाकाळातला खंड वगळता, आजही तेथे चालू आहे. आठ पात्रे आणि एकच दिवाणखाना एवढ्यावर ते उभे असल्यामुळे आम्हांला आवाक्यातले वाटते. अडचण हिमवादळाची आहे. बर्फाने रस्ते बंद झाल्यामुळे त्या घरातून कोणालाच बाहेर पडता येत नाही, ही कोंडी आमच्या प्रेक्षकांना खरी वाटेल का, की स्थळच बदलावे? शिवाय आमचे प्रयोग रात्रभर चालतात आणि गाण्यांवाचून रंगत नाहीत. ती कोठे बसवावीत?

पहिला प्रतिसाद (नेपथ्य व प्रकाशयोजना करणारा)

स्थळ अवश्य बदलावे. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. काळ मात्र १९५२चाच ठेवावा. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याची जमीनदारी पद्धत, १९५१ मध्ये गेली. त्यामुळे उत्पन्न आटलेल्या मालगुजाराच्या वारसांनी वाड्यात पाहुणे ठेवणे पटण्यासारखे आहे. मूळ नाटकात पोलीस अधिकारी बर्फावरून स्कीने येतो, तो येथे डोंग्यातून येईल. टेलिफोन बंद पडण्याच्या जागी मात्र दुसरी योजना शोधावी लागेल, कारण त्या काळी खेड्यातल्या वाड्यात टेलिफोन असल्याचे कोणी मान्य करणार नाही.

मला खरी काळजी अंधाराची वाटते. पहिल्या अंकाच्या शेवटी दिवे जातात आणि खून होतो. त्या क्षणी मंडईतल्या दुकानांचा उजेड मंचावर आला, तर सारे रहस्य तेथेच संपेल. कनाती दुहेरी लावाव्यात. मेटल हॅलाइडचे दिवे विझवल्यावर पुन्हा उजळायला काही मिनिटे घेतात, म्हणून मंचावर एलईडीच वापरावेत. प्रॉम्प्टरचा आवाज माइकमध्ये गेला तर पुढचे वाक्य प्रेक्षक आधीच ऐकतील, तेव्हा नटांनी पाठांतर पक्के करावे.

दुसरा प्रतिसाद (संगीत बसवणाऱ्या बाई)

नांदीनंतर आणि मध्यंतरात गाणी खुशाल ठेवा, परंतु खून झाल्यावर एकही नको, कारण प्रेक्षक संशयिताच्या चेहऱ्याकडे पाहत असताना लावणी आली की त्याचे लक्ष परत आणणे फार कठीण जाते. या नाटकात एका बालगीताची चाल भीतीची खूण म्हणून पुन्हा पुन्हा येते. ती जशीच्या तशी वाजवून आपल्याकडे कोणाला धसका बसणार नाही. गावातल्या आजीबाईंकडून लहानपणीचे एखादे गाणे मिळवावे आणि ते पेटीवर एकेका सुराने, संथपणे वाजवावे.

तिसरा प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, नाट्यलेखक)

तालमीपूर्वी हक्कांचा विचार करावा, ही कळकळीची विनंती. ख्रिस्ती यांचे निधन १९७६ मध्ये झाले आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात, म्हणजे २०३६च्या अखेरपर्यंत. भाषांतरालाच नव्हे, तर वर सुचवलेल्या रूपांतरालाही हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. शिवाय संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती वेळेत पाठवावी. परवानगी न मिळाल्यास निराश होऊ नये: पुरात अडकलेला वाडा आणि त्यात लपलेला खुनी ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. पात्रे, कथानक आणि उलगडा स्वतःचा रचून नवे नाटक लिहावे. मी संहिता वाचून द्यायला तयार आहे.